दाराबाहेरचं खाकरणं

जळगाव,
रविवार, सकाळ

प्रिय भूमिका,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. उठसूट फोन करणाऱ्या नणंदेनं चक्क हातानं पत्र लिहिलंय म्हणजे काहीतरी समजूत काढायचा डाव असणार, असं तुला वाटेल. पण करू काय? तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मी आबांचं नाव काढलं की ठेवून देतेस. मागच्या वेळी तर तुझ्या आईनंच फोन घेतला आणि सरळ सांगितलं, "मनी पोर आते तठे येत नही. त्या घरमा कोनी तरी शे." घरात 'कुणीतरी आहे' म्हणणाऱ्या आईशी मी काय वाद घालणार! उद्या हितेंद्र कामासाठी धुळ्याला येतायत, त्यांच्या हाती हे देतेय. नणंदेचा नवरा दारात आला तर त्याच्या हातातलं पाकीट तुम्ही परत पाठवणार नाही एवढी खात्री आहे. एकच सांगणं, अर्धवट ठेवू नकोस. योगराजनं फ्लॅट विकायचं मनावर घेतलंय. येत्या शनिवारी माणसं बघायला येणार आहेत. मग तुम्ही तिघं राहणार कुठं, असं मी त्याला विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिघं कोण, अक्का?"

मला आबांचा चेहरा आठवायच्या आधीपासून त्यांचं खाकरणं आठवतं. बोदवडजवळच्या आपल्या गावातलं ते धाब्याचं घर तू पाहिलंयस. आत दोन खोल्या, पुढे ओटा, आणि मधल्या चौकटीला दार असं नव्हतंच. ओट्यावरून आत यायचं झालं की आबा उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे. दोन आखूड, एक लांब, शेवटी थोडी घरघर. लगेच आत यायचे नाहीत. तेवढ्यात आई पदर सारखा करायची, काकू लेकराला पाजत असेल तर भिंतीकडे तोंड करायची, न्हाऊन आलेली पोर आडोशाला पळायची. मग आबा खाली बघत आत. गावात सगळेच पुरुष असं करत, पण आबांइतकं मनापासून कुणी करत नसे. दार नव्हतं, तर दाराचं काम ते गळ्यानं करत होते, हे आता कळतं. लहानपणी मात्र मला त्याचा भारी राग यायचा. बाहेर एक आवाज झाला की आत सगळ्या बायका हातातलं टाकून सावरून बसायच्या, हे बघून बघून मी ठरवलं होतं की मोठी झाले की भरपूर दारं असलेली घरं बांधीन. आर्किटेक्ट होण्यामागचं माझं कारण इतकंच. कॉलेजच्या मुलाखतीत मी काहीतरी वेगळंच भारदस्त सांगितलं होतं.

आई गेल्यावर योगराजनं आबांना जळगावला आणलं, आणि वर्षभरातच तू लग्न होऊन आलीस. जुन्या जळगावातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आबांची खाट, तुमचं अंथरूण स्वयंपाकघरात, आणि न्हाणीघर त्या स्वयंपाकघराच्याही पोटात. म्हणजे आबांना अंघोळीला जायचं तरी तुझ्या चुलीवरून आणि उशावरून जायचं. बिचारे दिवसभर खाकरत, आणि तू दिवसभर डोक्यावर ओढणी घेत. त्यांनाही संकोच, तुलाही संकोच. एकदा आपण दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तू खाली मान घालून म्हणालीस, "अक्का, मला मोठं घर नको. एक दार द्या. मी ते लावलं तर 'का लावलं' म्हणून कुणी विचारणार नाही, असं." लग्न झाल्यापासून तू माझ्याकडे मागितलेली ती एकुलती एक गोष्ट होती.

म्हणून नव्या फ्लॅटचं आतलं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बांधकाम अर्धवट होतं तेव्हाच भिंती हलवून घेतल्या. बिल्डरच्या नकाशात मुख्य दार उघडलं की नजर थेट गॅसच्या ओट्यापर्यंत जायची. कुरिअरवाल्यालाही कळावं आज भाजी कसली आहे ते! मी हॉल कापला, मधून बोळ काढला आणि बोळाला वळण दिलं. हॉलमधून बघा, भिंत. स्वयंपाकघरातून बघा, भिंत. वळणापलीकडे तुमची खोली. आबांना पुढची खोली, तिला लागूनच त्यांचं न्हाणीघर आणि बाहेर गॅलरी. त्यांना आत यायचं कारणच उरू नये, असं सगळं बसवलं. योगराज कुरकुरला, हॉल एवढासा झाला, आता टीव्ही कुठं लावू? तू मात्र वळणावरच्या भिंतीवरून नुसता हात फिरवलास. राहायला गेल्यावर पहिल्याच दुपारी मला फोन केलास, "अक्का, मी आत्ता केस मोकळे सोडून, गाऊन घालून, दार लावून झोपले होते. भर दुपारी." तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आणि आबांनी काय केलं? खाकरणं सोडलं नाही, उलट वाढवलं. फ्रिजचं पाणी त्यांच्या घशाला लागायचं, माठ स्वयंपाकघरात, म्हणून दुपारी ते आत यायचेच. हॉलच्या टोकाला एकदा खाकरायचे, वळणावर पुन्हा एकदा. मी म्हटलं, आबा, आता एवढ्या भिंती घातल्यात, खाकरता कुणासाठी? तर म्हणाले, "भितीले काय समजते माय, आत कोन कसं बसलं हाये ते." आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो होतो. तू त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायचीस की तुमची एवढीशी रुंजीही गोळी मागायला येताना दाराशी 'ख्ख' करून उभी राहायची. घरात तो आवाज सगळ्यांना पाठ होता. फक्त योगराज कधी खाकरला नाही. तो आपला धाडकन दार उघडून आत, आणि तू त्याच्यावर खेकसायचीस. मागे बघितलं तर ते दिवस चांगलेच होते म्हणायचे.

वैशाखातल्या त्या दुपारचं लिहू नये असं वाटत होतं, पण ते टाळून पुढचं सांगता येत नाही. तू न्हाऊन आलेली, रुंजी शेजारी झोपलेली, दार लावलेलं. बोळात आबा खाकरले. तुला वाटलं, पाण्याला चाललेत. तू थांबलीस. सासरा बोळातून जात असताना सुनेनं दार उघडायचं नाही, हे तुला तुझ्या आईनं शिकवलंय, मला माझ्या आईनं. पुन्हा खाकरले, जरा जोरात. तू ओढणी डोक्यावर घेऊन दाराआड उभी राहिलीस, ते पुढे जायची वाट बघत. मग तिसऱ्यांदा. मग शांत. तुला वाटलं, गेले. सुनेला नावानं हाक मारायची नाही म्हणून ते एरवी "रुंजे" अशी हाक घालायचे, पण लेकरू झोपलंय हे त्यांना माहीत होतं. उरलं खाकरणं. तू थोड्या वेळानं बाहेर आलीस तेव्हा ते वळणावर भिंतीला टेकून बसले होते, रिकामा तांब्या मांडीवर. हॉलमधून दिसणार नाहीत, स्वयंपाकघरातून दिसणार नाहीत, अशा जागी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच बाहेर आला असतात तरी काही करता आलं नसतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, हे तू तेव्हाच मला म्हणालीस. यात तुझं किती आणि माझ्या नकाशाचं किती, ही वाटणी मी करणार नाही. तूही करू नकोस. ज्या आवाजाचा अर्थ आपण जन्मभर 'बाहेर येऊ नका' असा शिकलो, तो एका दुपारी 'बाहेर या' म्हणाला, ते कुणाला कसं कळावं?

तेराव्यानंतर तू सांगायला लागलीस, की दाराबाहेर आबा खाकरतात. कधी दुपारी जेवणवेळेला, कधी दिवेलागणीला. तेच दोन आखूड, एक लांब, शेवटी घरघर. मग पावलं थांबलेली, आणि काही वेळानं परत गेलेली. आम्ही सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मी म्हटलं, झोप नाही, मनावर घेतलंयस. भावकीतले झुलालनाना गावाहून आले, त्यांनी घराची शांत करून घेतली, बोळात नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या वळणावरच्या भिंतीवर उडालं. डाग अजून आहे. त्याच संध्याकाळी तू पुन्हा ऐकलंस. दुसऱ्या दिवशी रुंजीला घेऊन धुळ्याची बस धरलीस, जाताना बोळातून अशी पळालीस की एक चप्पल मागेच राहिली. पोळा झाला, गणपती आले, तरी ती तिथेच आहे. योगराज उचलत नाही, मीही उचलली नाही.

माझं म्हणशील तर माझंही धड नाही. नशिराबादच्या कहकशाचं काम हातात आहे. शाळेत शिकवते, बोलायला गोड. इथे शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन एक करायचाय. सासरे नूर महंमद फर्निचरचे कारागीर, त्यांच्याकडे माणसांची सारखी ये-जा. कहकशाचं म्हणणं, बैठकीत पुरुषमाणसं असली तरी आम्हाला स्वयंपाकाच्या ओट्यापासून खोलीपर्यंत मोकळेपणानं जाता यावं. म्हणजे तुझंच मागणं. मी बोळ काढला, वळणापर्यंत आले आणि हात थांबला. पेन्सिल ठेवली, चहा प्याले, पुन्हा बसले, पुन्हा तिथेच. त्या कोपऱ्यात मला कुणीतरी टेकून बसलेलं दिसतं. शेवटी मी वळणावरच्या भिंतीत वर एक जाळीचा झरोका काढला, नजर अडेल पण आवाज येईल असा. कहकशा म्हणाली, "मॅडम, यातून आमची सगळी बडबड बैठकीत जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

आता जे सांगते ते नीट वाच. परवा तुझ्या निरोपाप्रमाणे रुंजीचे कपडे आणि खेळणी काढायला मी फ्लॅटवर गेले. जिन्यात शेजारच्या मंजुळाबाई भेटल्या. त्या उन्हाळ्यात लेकीकडे सुरतेला गेल्या होत्या, आत्ता कुठं परतल्यात. आबा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हातातली मेथीची जुडी सावरत मला म्हणाल्या, "तुमच्या आबांना औषध द्या की काहीतरी. दुपारी खाकरतात ते आमच्या न्हाणीघरापर्यंत ऐकू येतं." भूमिका, त्यांना खरं काय ते सांगायचं धैर्य मला झालं नाही. हो म्हटलं आणि वर आले. कुलूप उघडलं. त्या क्षणी मला कळलं, की आम्ही तुला वेडी ठरवत होतो तेव्हा तू या घरात किती एकटी असशील. याची माफी मी तुझ्याकडे समोर मागेन, कागदावर नाही.

घर आहे तसंच आहे. आबांच्या खाटेवर घडी घातलेली चादर, गॅलरीत वाळलेली तुळस, माठ कोरडा. बोळातून जाताना मी भिंतीला अंग न लावता तिरकी चालले. स्वतः काढलेल्या बोळातून, विचार कर! तुमच्या खोलीत शिरले आणि भीती वाटली म्हणून दार लावून घेतलं. रुंजीचे फ्रॉक पिशवीत भरत होते. बाहेर रणरणतं ऊन, शेजारी कुकरची शिट्टी. आणि दाराबाहेर आबा खाकरले. दोन आखूड. एक लांब. शेवटी घरघर. अगदी दाराला तोंड लावल्यासारखं. माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. बापासमोर लेकीला डोक्यावर पदर लागत नाही, हे माहीत असूनही गेला. तुझ्यासारखीच मी दाराआड उभी राहिले, ते पुढे जायची वाट बघत. आणि तेवढ्यात मनात आलं, की मागच्या वेळीही आत असंच कुणीतरी उभं होतं. आज भूत असो, पिशाच असो, आबाच असोत, मी त्यांना बाहेर ताटकळत ठेवणार नाही. मी दार उघडलं.

दाराबाहेर योगराज उभा होता. डाळमिलमधून जेवायला आलेला, अंगावर डाळीची पिवळी भुकटी, मान खाली, तोंड भिंतीकडे वळवलेलं. अगदी आबा उंबऱ्याबाहेर उभे राहायचे तसा. मी घरात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला बघून तोच केवढा दचकला! मी म्हटलं, तू खाकरलास? म्हणाला, "मी? छे. मी कशाला खाकरू?" खोटं बोलत नव्हता, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला माहीतच नाही. मी त्या संध्याकाळी मुद्दाम थांबले, आणि काल पुन्हा दिवसभर घर आवरायच्या निमित्तानं गेले. तो दर वेळी वळण घेऊन दाराशी येतो, खाकरतो, थांबतो, मग आत जातो. आयुष्यात कधी न खाकरलेला माणूस! मी त्याला जेवायला बसवून हळूच विचारलं, तर भाकरी कुस्करत म्हणाला, "अक्का, आबा गेल्यावर ती आत दार लावून रडायची. धाडकन आत जाववत नव्हतं. म्हणून बाहेर थांबायचो. मी दाराशी आलो की ती आतून कडी लावायची. रोज. आबांजवळ मी नव्हतो म्हणून तिला माझं तोंडही बघवत नसेल. मग मी हॉलमध्ये जाऊन बसायचो." भूमिका, तू जे ऐकलंस ते खरं होतं, आणि ते आबा नव्हते. तुला वाटलं आबा आलेत, म्हणून तू घाबरून कडी लावलीस. त्याला कडी ऐकू आली, स्वतःचं खाकरणं ऐकू आलं नाही. का लावलं म्हणून विचारणार नाही असं दार तू मागितलं होतंस. त्यानं खरंच विचारलं नाही गं, एकदाही नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं, कारण हे फोनवर सांगायला लागले असते तर 'खाकरणं' एवढा शब्द ऐकून तू फोन ठेवला असतास. शनिवारच्या माणसांना मी येऊ नका म्हणून सांगणार आहे, योगराज रागावला तर रागावू दे. तू हितेंद्रांबरोबर ये, नाहीतर मागाहून ये, पण ये. काल निघताना मी बोळाच्या टोकाशी उभं राहून पाहिलं. तुमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आत कुणी नव्हतं, आणि तरी तो दाराबाहेर खाकरून मान खाली घालून थांबला होता. मी आतून काय म्हणणार? मी बहीण. ते 'या ना' तुलाच म्हणावं लागेल.

वाट बघणारी तुझीच,
अक्का